दवाखान्याची संध्याकाळची ओपीडी बंद केली, मीटिंगला लोक येत नाहीत, नवीन नगरसेवकाने काय करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा, की जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात, नागपुरातला चार सदस्यांचा प्रभाग आहे, वस्तीतल्या दवाखान्याची संध्याकाळची ओपीडी बंद होऊन फक्त सकाळची राहिली, बाजूच्या अभ्यासिकेला रात्री दहाऐवजी सहालाच कुलूप लागून राहिलं, विचारलं तर 'वरून आलं आहे' एवढंच सांगतात, आणि तुम्ही समाजभवनात मीटिंग बोलावली तर अकरा माणसं आली त्यातली सहा तुमचीच. आता मोर्चा काढू, निवेदन देऊ की सभागृहात बोलू, असं तुम्ही विचारता.

मी दोन टर्म नगरसेविका होते, पहिली एकाच सदस्याच्या वॉर्डातून आणि दुसरी २०१२ ला, दोन सदस्यांच्या प्रभागातून. पद सोडून नऊ वर्षं झाली तरी दवाखाना, शाळा, नळ यासाठी बाया अजून घरी येतात. तुमचे तिन्ही उपाय चांगले आहेत पण त्या तिन्हीच्या आधी एक काम असतं, ते केलं नाही तर तिन्ही वाया जातात. मी घालवले आहेत वाया, म्हणून सांगते.

पहिले हरलेली गोष्ट सांगते. माझ्या पहिल्या टर्ममध्ये वॉर्डात एक मराठी प्राथमिक शाळा होती, नाव सांगत नाही. एक दिवस समायोजनाचं पत्र निघालं, पटसंख्या कमी आहे, मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जातील. मी पेटून उठले, दोन दिवसांत सह्या जमवल्या, पालकांना घेऊन शिक्षण विभागाच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले, पेपरात फोटो आला. साहेबांनी शांतपणे हजेरीपट माझ्यापुढे सरकवला, चार वर्षांत पट निम्म्याच्याही खाली आलेला. "मॅडम, मुलंच नाहीत तर शाळा कोणासाठी चालवायची?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर होतं खरं पण ते मला नंतर एकेका घरी बसून कळलं, की दोन शिक्षक वर्षभर कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या कामावर पाठवलेले असायचे, मुलींच्या संडासाचं दार तुटलं ते तुटलेलंच राहिलं, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची, मग ज्यांना थोडंफार जमत होतं त्यांनी मुलं काढून घेतली. मुलं गेली म्हणून शाळा बंद झाली असं कागदावर आहे, आणि झालं होतं ते उलटं, शाळा आतून रिकामी करत नेली म्हणून मुलं गेली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी दर १५ ऑगस्टला तिथे झेंड्याला जात होते, मुलींना खाऊ वाटत होते, आणि त्या संडासाच्या दारापर्यंत एकदाही गेले नाही. हे मला अजून लागतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली. कपात ही कपात म्हणून कधीच येत नाही. कोणी फार्मसिस्ट रिटायर होतो आणि ती जागा भरत नाहीत, नर्सच्या कंत्राटाला मुदतवाढ मिळत नाही, डॉक्टरांना आठवड्यातले तीन दिवस दुसरीकडचा अतिरिक्त प्रभार देतात, मग वेळ बदलते, मग लोक दोनदा परत जातात आणि तिसऱ्यांदा येतच नाहीत, आणि शेवटी फाइलवर लिहिलं जातं की 'नागरिकांचा प्रतिसाद अत्यल्प'. त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहतं. तुमच्याकडे आत्ता वेळ कमी झाली आहे, बंदचं पत्र आलेलं नाही, म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा दोन पायऱ्या आधी जागे झालात. प्रतिसाद का कमी झाला याची लोकांनी स्वतः ठेवलेली नोंद तुमच्याजवळ असली पाहिजे, आणि ती आत्ताच सुरू व्हायला पाहिजे.

दुसऱ्या टर्ममध्ये असाच एक दवाखाना होता. कुठला, कोणाच्या अखत्यारीतला ते राहू द्या, आज तिथे सगळी माणसं वेगळी आहेत. ओपीडी नऊ ते एकची नऊ ते बारा केली होती, आणि औषधाची खिडकी साडेअकरालाच बंद. बाया म्हणायच्या, "डॉक्टर रायते त गोया नाई रायत, गोया रायते त डॉक्टर नाई रायत." मी तक्रार केली तर रजिस्टर दाखवलं, रोजचे पेशंट एवढे एवढेच. आणि रजिस्टर खोटं नव्हतं भाऊ, ज्याला तपासलं त्याचंच नाव रजिस्टरमध्ये येते, जो गेटवरून परत गेला तो कुठेच येत नाही.

दवाखान्याच्या गेटसमोर एक मावशी तर्री-पोह्याचा ठेला लावायच्या, सकाळी सातपासून दुपारी साधारण एकपर्यंत. गेटमधून कोण आत गेलं, कोण दोन मिनिटांत बाहेर आलं, सगळं त्यांना दिसायचं. मी त्यांना एक दोनशेपानी वही आणि दोरी बांधलेला पेन दिला. वहीत चारच रकाने आखले, तारीख, किती वाजता आले, कशासाठी, काय झालं. मावशींना लिहिता यायचं नाही, त्यांची नववीतली नात सुट्टीच्या दिवशी लिहायची, बाकी दिवस परत जाणारी बाई स्वतः लिहायची किंवा पोहे खाणाऱ्या कोणाला तरी सांगायची लिहून द्यायला. एक ओळ मला आजही पाठ आहे. 'मंगळवार, ११.४०, लेकराला ताप, डॉक्टरनं लिहून देलं, खिडकी बंद.' बस, एवढीच. त्याच्याखाली दुसऱ्याच अक्षरात, 'तेच.' पुन्हा खाली, 'तेच, बीपीची गोळी.' सव्वा महिन्यात अर्धी वही भरली.

ती वही आम्ही कोणाच्या तोंडावर फेकली नाही. मी तिची बेरीज केली, कोणत्या वारी किती परत गेले, किती साडेअकरा ते बाराच्या मधले, किती औषधासाठी आणि किती डॉक्टर नसल्यामुळे. त्यातून असं दिसलं की सगळ्यात जास्त माणसं औषधाच्या खिडकीवरून परत जात होती, डॉक्टरांपाशी अडचण आम्ही समजत होतो त्याच्यापेक्षा कमी होती. मी तर 'डॉक्टर वेळेवर येत नाहीत' असं बोर्ड लिहायला घेतलं होतं! तसं आंदोलन केलं असतं तर जो एक माणूस तिथे टिकून काम करत होता त्यालाच आम्ही पळवून लावलं असतं. मागणी बदलली, एक औषध देणारा माणूस पूर्ण वेळ द्या, एवढीच. तीन महिने लागले, कंत्राटी का होईना पण मिळाला. ओपीडी परत एकपर्यंत झाली. संध्याकाळची ओपीडी आम्ही मागत होतो ती मात्र माझ्या टर्ममध्ये मिळाली नाही.

एक काळजी घ्या, वहीत आजाऱ्याचं नाव, मोबाइल, घर नंबर काही नको. कोणाला कोणता आजार आहे हे वस्तीत फिरायला नको, विशेष करून बाया आणि टीबीचे पेशंट, ते मग दवाखान्यातच येणार नाहीत. आणि आतल्या रजिस्टरचे फोटो कोणी काढून आणून देत असेल तर घेऊ नका, ते अधिकृतपणे मागता येते, पुढे सांगते.

आता मीटिंगला लोक का येत नाहीत. एक म्हणजे मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मनपात प्रशासक होते, नगरसेवक हा माणूसच नव्हता, लोकांची सवय सुटली. कोणी आमदाराच्या ऑफिसात जायला लागले, कोणी सरळ झोनमध्ये, म्हणजे मनपाच्या विभागीय ऑफिसात, बरेच जण कुठेच नाही. तुमच्याकडे यायचं कारण त्यांना अजून मिळालेलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसरं म्हणजे समाजभवनातल्या मीटिंगला जो येतो त्याचं काम बहुतेक दवाखान्याशी नसतं. ज्या बाईला संध्याकाळची ओपीडी पाहिजे ती दिवसभर चार घरची धुणीभांडी करून सात वाजता घरी येते, तिला तुम्ही सात वाजता मीटिंगला बोलावता तर ती स्वयंपाक कधी करेल? तुम्ही तिच्याकडे जा. बचत गटाची महिन्याची मीटिंग असते तिथे पंधरा मिनिटं मागा, बुद्धविहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर लोक बसतात तिथे जा, मंदिराच्या ओट्यावर भजनी मंडळ जमते तिथे जा, लेआउटमधले, म्हणजे प्लॉट पाडून बसलेल्या कॉलनीतले, रिटायर्ड लोक सकाळी बगिच्यात फिरतात तिथे जा. बॅनर नको, कार्यकर्ते नकोत, एक माणूस सोबत घ्या जो लिहून घेईल.

आणि गेल्यावर भाषण देऊ नका, विचारा. पण 'काय समस्या आहे' असं विचारलं की लोक नाली, कुत्रे, लाइट सगळं एकत्र सांगतात आणि तुमचा दवाखाना त्यात बुडून जाते. मी एकच विचारायची, 'मागच्या वेळी घरात कोणाला ताप आला तेव्हा कुठे गेलात?' बस. मग आपोआप निघते, खाजगीत गेलो, तपासायचे इतके लागले, गोळ्यांचे वेगळे, एक दिवसाची मजुरी बुडाली. ती बाई हे सांगते तेव्हा बाजूची म्हणते, माझंही तसंच झालं, आणि त्या दोघींना पहिल्यांदा कळते की आपल्या एकटीचंच नशीब खराब नव्हतं. तुमचं आंदोलन तिथे सुरू होते, तुम्ही पत्रक छापता तेव्हा नाही.

लेआउटवाल्यांबद्दल थोडं. त्यांना दवाखाना लागत नाही असं समजून आपण त्यांना सोडून देतो, मीही सोडायची. पण अभ्यासिका त्यांच्याही पोरांना लागते. घरी दोन खोल्या, टीव्ही चालू, एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं रात्री दहापर्यंत बसणार कुठे? मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला जाते, पत्र्याच्या खोलीत दुपारी पुस्तक उघडवत नाही, रात्रीचेच तर तास कामाचे. ती पोरं तुमची सगळ्यात मोठी ताकद आहेत, त्यांना अर्ज लिहिता येतो, कायदा वाचता येतो, आणि त्यांच्याजवळ जिद्द आहे. वही त्यांच्याकडेही द्या, सहा वाजता कुलूप लागलं तेव्हा किती जण बसलेले होते ते रोज लिहायला सांगा. फक्त त्यांना तुमच्या पक्षाचे गमचे घालायला लावू नका, ज्याला सरकारी नोकरी करायची आहे त्याच्या मागे गुन्हा लागेल असं काही करायला लावू नका, रस्ता रोको तर बिलकुल नाही.

आता कायद्याचं आणि पैशाचं, इथे नवीन नगरसेवक सगळ्यात जास्त मार खातो म्हणून जरा जास्त लिहिते. पूर्वी नागपूरला स्वतःचा १९४८ चा महानगरपालिका कायदा होता, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. जुने लोक कधी कधी जुनीच कलमं सांगतात, त्यात अडकू नका. या अधिनियमात कलम ६३ मध्ये महानगरपालिकेची बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छेची, म्हणजे करता येतील अशी. सार्वजनिक दवाखाने, प्राथमिक शाळा, पाणी, सफाई, दिवाबत्ती, अग्निशमन हे ६३ मध्ये येते. वाचनालयं आणि शहर बस ६६ मध्ये. म्हणून तुमच्या दोन मागण्या एकाच निवेदनात कोंबू नका. दवाखान्यासाठी तुम्ही म्हणू शकता की हे तुमचं कर्तव्य आहे, पैसा नाही हे कारण चालणार नाही. अभ्यासिकेसाठी तसं म्हणाल तर पहिल्याच वाक्यात पकडतील. तिथे मांडणी वेगळी ठेवा, इमारत तयार आहे, खुर्च्या आहेत, रोज इतकी मुलं बसतात, खर्च फक्त चार तासांच्या माणसाचा आणि विजेचा आहे, तो किती ते सांगा. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाचा निकषही हाताशी ठेवा, शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक धरलेलं आहे, तुमचा दवाखाना त्या प्रकारातला असेल तर त्याच्याखाली किती लोकसंख्या आहे ते मागा.

'पैसा नाही' हे नेहमीच खोटं असते असं नाही हां. जकात गेली, नागपुरात २०१३ ला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, २०१७ पासून जीएसटी, तेव्हापासून मोठा पैसा राज्याच्या अनुदानातून येते, कायद्याने दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढणारं, पण हातात स्वतःचा म्हणून मालमत्ता कर, पाणी आणि नगररचनेची फी एवढंच. वर आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगाराबिगाराचा, ३५ टक्क्यांच्या पुढे गेला की शासन नवीन भरतीला हो म्हणत नाही, म्हणून रिटायर झालेल्यांच्या जागा तशाच राहतात आणि सगळं कंत्राटावर येते. तुमच्या दवाखान्यातली रिकामी खुर्ची इथून सुरू होते. हे समजून बोललात तर अधिकारी तुमचं ऐकतो, कारण त्यालाही तेच डोकं खाऊन राहिलं असते.

पण तरीही बजेटची वही उघडा. लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं बजेटमधलं खातं, शोधा, तीन आकडे एका ओळीत लिहा, मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, आणि सुधारित अंदाजपत्रकात ती किती ठेवली. बरेचदा असं दिसते की तरतूद होती, खर्चच झाली नाही, आणि मग सुधारितमध्ये 'खर्च कमी आहे' म्हणून कापली. तिथे 'पैसा नाही' हे कारण पडते, आणि प्रश्न उरतो की खर्च का झाला नाही. हा प्रश्न आमसभेत, म्हणजे मनपाच्या सर्वसाधारण सभेत, विचारायचा. नुसतं 'दवाखाना वाचवा' म्हणून ओरडलं की महापौर म्हणतात, प्रशासनाने नोंद घ्यावी, संपला विषय. लेखाशीर्षाचा नंबर घेऊन लेखी प्रश्न टाकला की लेखी उत्तर द्यावं लागते, आणि ते कार्यवृत्तात राहते. माझ्या सभागृहातल्या भाषणांपैकी आज कोणाला एकही आठवत नाही, पण दोन लेखी उत्तरं अजून माझ्या फाइलमध्ये आहेत आणि ती अजून कामी येतात.

कागद मिळवायला नगरसेवक असल्याचा तोरा नका दाखवू, तुमच्यासोबत नागरिकांनी मागितला पाहिजे. माहिती अधिकारात दहा रुपये, तीस दिवस, ते सगळ्यांना माहीत आहे, पण कागदपत्र प्रत्यक्ष पाहण्याचाही अधिकार त्यात आहे हे कमी लोक वापरतात. त्याहून सोपं, २०१८ च्या शासनाच्या परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महानगरपालिकांच्या कार्यालयात अभिलेख पाहता येतात. अभ्यासिकेतली दोन पोरं आणि बचत गटाची एक ताई, तिघांनी सोमवारी जाऊन वेळ बदलल्याचा आदेश मागावा. आदेश कोणाच्या सहीचा, कोणत्या तारखेचा, त्यात कारण काय. खूपदा लेखी आदेशच नसतो! तोंडी सांगितलं आणि सगळे पाळून राहिले. तोंडी आदेशाने वेळ कमी होत असेल तर ती परत वाढवायलाही सभागृहाची गरज नाही, झोनच्या सहायक आयुक्तांसोबत एक बैठक पुरते, आणि साहेबांनाही त्यात मागे हटावं लागल्यासारखं वाटत नाही. म्हणून मोर्च्याच्या आधी हा कागद.

प्रभागातल्या बाकी तिघांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण मी सांगते कारण तिथेच बहुतेक आंदोलनं मरतात. श्रेयावरून. तुम्ही एकटे पुढे झालात की उरलेले तिघं दवाखान्याच्या विरोधात नसतात, तुमच्या विरोधात असतात, पण नुकसान दवाखान्याचं होते. वहीची बेरीज झाली की पहिली झेरॉक्स त्या तिघांना नेऊन द्या, घरी जाऊन, पक्ष कोणताही असो. निवेदनावर चौघांच्या सह्या घ्या आणि तुमची सही चौथी ठेवा. माझ्या वेळी आम्ही दोघंच होतो, पक्ष वेगळे, बोलणंही बंद होतं, तरी त्या दवाखान्याच्या पत्रावर मी पहिली सही त्यांची घेतली आणि त्यांनी मग स्थायी समितीत विषय लावून धरला, तिथे माझी काही ओळख नव्हती. सोळा जणांची समिती असते, पैशाचे विषय तिथून जातात, तुमच्या प्रभागाच्या आजूबाजूचं कोण तिच्यात आहे ते बघून ठेवा.

तुम्ही सत्तेत असाल तर एक भीती असते, पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं त्याचा आदेश, काढला आणि तुम्ही विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकते, १९८६ चा कायदा आहे त्यासाठी. पण प्रश्न विचारणं, पत्र देणं, लोकांसोबत झोनमध्ये जाऊन बसणं हे व्हिपमध्ये येत नाही. मतदानापर्यंत विषय जाऊच देऊ नका, त्याच्या आधी गटनेत्याला वही दाखवा. आणि ठराव झाला तरी गाफील राहू नका, कलम ४५१ खाली शासन ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते, त्यामुळे ठराव मंजूर झाला म्हणून फटाके फोडायचे नाहीत, अंमलबजावणीचं पत्र हातात येईपर्यंत पाठ सोडायची नाही.

कर्मचाऱ्यांबद्दल हात जोडून सांगते. नर्स, एएनएम, आशा, ऐवजदार म्हणजे बदली सफाई कामगार, अभ्यासिकेचा शिपाई, यांच्यावर कधी आवाज चढवू नका, त्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. चार माणसांचं काम एक जण करून राहिला असते आणि लोकांचा सगळा राग त्याच्या खिडकीवर येते. त्याला आपलं केलं तर आत काय चाललं आहे ते तुम्हाला महिनाभर आधी कळते. पण त्याने सांगितलेलं त्याच्या नावाने कुठेही बोलायचं नाही, कंत्राटी माणसाची नोकरी एका फोनने जाते. एका नर्सताईची बदली माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे झाली होती, तिने मला काही म्हटलं नाही, पण मी ते विसरले नाही.

मोर्चा. काढा, पण शेवटी काढा आणि लहान काढा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असते तेव्हा यशवंत स्टेडियमवरून एकामागून एक मोर्चे निघतात, साऱ्या महाराष्ट्रातून लोक आलेले असतात, त्यात तुमच्या वस्तीचे दीडशे लोक कोणाला दिसणार? त्या दिवसांत आमदारांकडून काम घ्या, विधिमंडळात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना, आणि ते अधिवेशनाच्या बरंच आधी द्यावं लागते, डिसेंबरात धावपळ करून उपयोग नाही, दिवाळीच्या आधीच वहीची बेरीज त्यांच्या पीएच्या हातात पडली पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या, म्हणजे टीकेचा पुतळा, काढायची कल्पना तुमच्या पोरांना नक्की सुचेल, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत बंद दवाखान्याचा बडग्या. काढू द्या, वस्तीचा राग निघतो आणि साऱ्या शहराला कळते, पण त्याच आठवड्यात झोनमध्ये तुमचा लेखी प्रश्न पडलेला असू द्या. सगळ्यात उपयोगी मोर्चा माझ्या अनुभवात एकच, पंचवीस-तीस बाया, ओपीडीची जी वेळ बंद केली बरोबर त्या वेळेला, लेकरं कडेवर घेऊन दवाखान्याच्या बंद दारापाशी शांत रांगेत उभ्या. घोषणा नाही. अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवायचं की अमुक दिवशी संध्याकाळी सहाला आम्ही तपासायला येणार आहोत, आणि पोलीस स्टेशनलाही त्याची प्रत. त्या रांगेचा फोटो कोणी छापला नाही तरी चालते, रांगेतल्या बाया एकमेकींना ओळखायला लागतात आणि पुढच्या वेळी तुम्हाला बोलवावं लागत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपचं थोडक्यात, एक वेगळा ग्रुप करा फक्त दवाखाना आणि अभ्यासिकेचा, अॅडमिन तुम्ही राहू नका, शुभेच्छा आणि पक्षाचे फोटो टाकायला बंदी ठेवा, आठवड्यातून एकदा वहीचा आकडा टाका. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी तोच आकडा दवाखान्यासमोरच्या ठेल्यावर खडूने लिहा.

आणि शेवटचं, निम्मं मिळालं तर घ्या. संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून तीन दिवस देतो म्हणाले तर नाही म्हणू नका, घ्या, लेखी घ्या, आणि त्या तीन दिवशी लोक जातील याची जबाबदारी तुमची, कारण त्या तीन दिवसांत रजिस्टर रिकामं राहिलं तर सहा महिन्यांनी तेच रजिस्टर तुमच्यापुढे सरकवलं जाईल. आमच्याकडे औषधाचा माणूस मिळाला त्या दिवशी मावशींनी वही परत द्यायला आणली, म्हणाल्या झालं आता बाई. मी उरलेली पानं तशीच ठेवून वही त्यांच्याकडेच राहू दिली, आणि दीड वर्षाने त्या माणसाचं कंत्राट संपलं तेव्हा पहिली नोंद मला कोणी सांगायच्या आधी तिच्यात पडलेली होती.